सुडो, बायनरी, लॉक फाईल : पॅकेजबद्दल तुमचे प्रश्न

ह्या वेळी आलेल्या पत्रांत बहुतेकांचं दुखणं सारखंच आहे. पॅकेज, म्हणजे दुसऱ्याने लिहून ठेवलेला तयार कोड, टाकताना अडतं, नेटवर सापडलेला उपाय केला की चालतं, पण आपण नक्की काय करून बसलो ते कळत नाही. म्हणून ह्या महिन्याचा कॉलम पूर्ण ह्याच विषयाला दिलाय.

प्रश्न : ताई, मी माटुंग्याला इंजिनिअरिंगला आहे. लॅपटॉपवर नवीन उबुंटू टाकलं तर पिप इन्स्टॉलने पॅकेज टाकलं की ‘एक्सटर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट’ असा एरर येतो. रूममेट म्हणाला सुडो लाव आणि ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेसचा फ्लॅग दे, तसं केलं तर झालं पण. मग हा एरर ठेवलाय तरी कशाला?
— विद्यार्थी, माटुंगा

उत्तर : झालं ते खरंय, पण होताना काय बदललं ते बघ. पिप म्हणजे पायथनची पॅकेजेस टाकणारं टूल, आणि सुडो लावलं की कमांड रूट म्हणून, म्हणजे मशीनच्या पूर्ण अधिकारांनी चालते. उबुंटूसोबत जे पायथन येतं त्याच्यावर सिस्टिमची स्वतःची कामं चालतात. फायरवॉलचं यूएफडब्ल्यू पायथनमध्ये लिहिलंय, ॲड-ॲप्ट-रिपॉझिटरी पायथनमध्ये आहे, आणि मागच्या मागे सिक्युरिटी अपडेट टाकणारं अनअटेंडेड-अपग्रेड्स, तेही पायथनच. तू सुडो लावून पिपने जे टाकतोस ते यूएसआर-लोकलच्या आत जाऊन बसतं आणि पायथन ॲप्टच्या (उबुंटूचं स्वतःचं पॅकेज टाकणारं टूल) फोल्डरआधी तिथे बघतं, म्हणजे एखादी लायब्ररी दोन्हीकडे असली की सिस्टिमच्या टूलला तुझी व्हर्जन मिळते, जिच्यावर ते कधी तपासलेलंच नसतं. आज काही बिघडत नाही, दोन महिन्यांनी अपडेट व्हायचे थांबतात आणि कारण सापडत नाही. हे फार लोकांचं होत होतं म्हणून पेप ६६८ हा पायथनचा प्रस्ताव आला आणि २०२३ पासून, म्हणजे डेबियन १२ आणि उबुंटू २३.०४ पासून, पिपला तिथे अडवायला लागले.

दुसरी गोष्ट मला जास्त गंभीर वाटते. पायथनची पॅकेजेस दोन रूपांत येतात, एक व्हील आणि एक सोर्स. व्हील म्हणजे तयार फाईल्स, पिप त्या उघडून जागेवर ठेवतं, ठेवताना पॅकेजचा कोड चालत नाही. सोर्स पॅकेजमध्ये मात्र सेटअप डॉट पाय असू शकते आणि ती इन्स्टॉल करतानाच चालते, तिच्यात लिहिणाऱ्याने जे लिहिलंय ते सगळं. तू सुडो लावलेला असलास तर ती फाईल रूट म्हणून चालली. नाव टाइप करताना एक अक्षर चुकलं आणि त्या चुकीच्या नावाचं पॅकेज कोणी मुद्दाम टाकून ठेवलेलं असलं, तर तू एका अनोळखी माणसाला पूर्ण मशीनचा ताबा दिलास, तेसुद्धा एका एंटरमध्ये.

तेव्हा ॲप्टने पायथन३-व्हेन्व्ह टाक, प्रत्येक प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये वेगळं व्हेन्व्ह, म्हणजे त्या प्रोजेक्टपुरती पायथनची वेगळी जागा, बनव आणि पिप त्याच्या आतच चालव, सुडोशिवाय. कमांड लाइनवर वापरायचं एखादं टूल हवं असेल तर पिपएक्स वापर, ते प्रत्येक टूलला वेगळं व्हेन्व्ह देतं. आधी सुडोने टाकलेलं पिप लिस्टमध्ये बघून काढून टाक.

फक्त एक लक्षात ठेव, व्हेन्व्ह म्हणजे भिंत नाही. ते फक्त फाईल्स वेगळ्या ठेवतं. आतलं पॅकेज तुझ्याच युजरने चालतं, त्यामुळे तुझ्या एसएसएच की, ब्राउझरचा डेटा, पासवर्ड ठेवलेली डॉट ईएनव्ही फाईल, सगळं त्याला वाचता येतं. अगदीच अनोळखी काही करून बघायचं असेल तर कंटेनरमध्ये, म्हणजे बाकी मशीनपासून वेगळ्या ठेवलेल्या जागेत कर, आणि त्या कंटेनरला तुझं होम फोल्डर जोडू नको.

प्रश्न : नमस्कार. मी बँकेतून निवृत्त झालो, आता पायथन शिकतोय. एआयला विचारून प्रोग्रॅम लिहितो. कधी कधी तो असं पॅकेज सांगतो जे मिळतच नाही, आणि कधी सांगितलेल्या नावाचं पॅकेज मिळतं पण त्यात भलतंच काही असतं. नाव बरोबर आहे हे ओळखायचं कसं?
— वाचक, वसई

उत्तर : काका, हा प्रश्न तुम्ही विचारलात हे फार बरं झालं, कारण कामावरची तरुण मुलंसुद्धा इथे थांबून बघत नाहीत. पायपीआय, म्हणजे पिप जिथून पॅकेजेस आणतं ते भांडार, त्यावर रिकामं नाव कोणीही घेऊ शकतं. एआय तेच ते खोटं नाव पुन्हा पुन्हा सुचवायला लागला की कोणीतरी त्या नावाने पॅकेज टाकून वाट बघत बसू शकतो. शिवाय इम्पोर्टचं नाव आणि पॅकेजचं नाव पुष्कळदा वेगळं असतं, त्याने गोंधळ वाढतो. इम्पोर्ट करताना सीव्ही२, टाकायचं ओपनसीव्ही-पायथन. इम्पोर्ट बीएस४, टाकायचं ब्यूटिफुलसूप४. इम्पोर्ट पीआयएल, टाकायचं पिलो. त्यामुळे नाव एआयकडून घेऊ नका, त्या लायब्ररीच्या स्वतःच्या डॉक्युमेंटेशनमध्ये इन्स्टॉलची ओळ असते तिथून कॉपी करा. पायपीआयच्या पानावर किती जुन्या व्हर्जन्स आहेत तेही बघा, काल परवा आलेलं आणि एकच व्हर्जन असलेलं पॅकेज असेल तर सोडून द्या.

प्रश्न : आम्ही तिघं अंधेरीला पॅथॉलॉजी लॅबसाठी सॉफ्टवेअर करतो. एकाकडे विंडोज, एकाकडे मॅकबुक, सर्व्हर उबुंटूचा. पिप फ्रीझने केलेली यादी सर्व्हरवर चालत नाही, पायविन३२ मिळत नाही म्हणतो. ते काढलं तर सायकोपीजी२ (पोस्टग्रेस डेटाबेसशी बोलणारं पॅकेज) पीजी-कॉन्फिग मागतं. शेवटी सायकोपीजी२-बायनरी टाकलं तर सगळीकडे चाललं. पण एका ओळखीच्याने सांगितलं की बायनरी सेफ नाही. का नाही?
— एक वाचक, अंधेरी पूर्व

उत्तर : आधी पायविन३२ संपवू. पिप फ्रीझ त्या मशीनवर त्या क्षणी जे बसलेलं आहे ते छापतं, विंडोजवर काढलंत तर विंडोजपुरतं लागणारंही त्यात येतं, आणि पायविन३२ लिनक्ससाठी नाहीच. तुम्हाला जे थेट लागतं तेवढंच, म्हणजे जॅंगो, सायकोपीजी, पिलो वगैरे, एका फाईलमध्ये हाताने लिहा आणि त्यावरून लॉक फाईल, म्हणजे प्रत्येक पॅकेजची नेमकी व्हर्जन लिहिलेली यादी, टूलकडून बनवून घ्या. पिप-टूल्स वापरत असाल तर ती सर्व्हरसारख्याच लिनक्स कंटेनरमध्ये चालवा, यूव्ही वापरलंत तर ते सगळ्या प्लॅटफॉर्मसाठी मिळून एकच लॉक फाईल देतं, तुमच्यासारख्या मिसळ टीमला मी यूव्ही घ्या म्हणेन. त्या फाईलमध्ये प्रत्येक पॅकेजचा हॅश, म्हणजे फाईलचा ठसा, असू द्या म्हणजे उद्या त्याच व्हर्जनच्या नावाने वेगळी फाईल आली तर इन्स्टॉल तिथल्या तिथे थांबेल.

आता बायनरी, म्हणजे आधीच कंपाइल करून दिलेलं पॅकेज. तुमच्या ओळखीचे बरोबर सांगतायत पण अर्धं सांगतायत. व्हेन्व्हच्या साइट-पॅकेजेस फोल्डरमध्ये जा, तिथे सायकोपीजी२_बायनरी डॉट लिब्स नावाचं फोल्डर दिसेल, ते उघडा. आत लिबपीक्यू, लिबएसएसएल, लिबक्रिप्टो ह्या फाईल्स असतील आणि त्यांच्या नावांना मागे काही अक्षरं आकडे चिकटलेले असतील. म्हणजे ओपनएसएसएल ह्या कनेक्शन एन्क्रिप्ट करणाऱ्या लायब्ररीची एक पूर्ण कॉपी पॅकेज सोबत घेऊन आलंय आणि सर्व्हरवरच्या ओपनएसएसएलकडे ते बघतही नाही. म्हणूनच ते सगळीकडे चालतं, आणि नेमकी अडचणही तीच आहे. सोसायटीच्या गच्चीवरची टाकी सोसायटी धुवून घेते, पण तुम्ही माळ्यावर स्वतःची टाकी बसवली असेल तर ती धुवायला कोणी येत नाही. तुम्ही ॲप्ट अपग्रेड केलंत, उबुंटूने ओपनएसएसएलमधलं भोक बुजवलं, तुम्ही निश्चिंत झालात, आणि ज्या कनेक्शनवरून पेशंटचे रिपोर्ट जातात ते मात्र जुन्याच कॉपीवर चालू आहे.

हे नुसतं पुस्तकी नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये लिबवेबपी ह्या इमेज वाचणाऱ्या लायब्ररीत मोठी चूक सापडली, नुसती एक बनवलेली इमेज उघडली तरी हल्ला करता येईल अशी. क्रोमने घाईघाईने अपडेट काढला, लिनक्सवाल्यांनी काढला. पण पायथनचं पिलो आपल्या व्हीलमध्ये लिबवेबपी बांधूनच आणतं, त्यामुळे ज्यांनी सर्व्हरची सिस्टिम अपडेट केली आणि पिलो १०.०.१ वर नेलं नाही त्यांच्याकडे इमेज अपलोडची वाट तशीच उघडी होती. तुमच्याकडेही लोक प्रिस्क्रिप्शनचे फोटो अपलोड करत असतील, तेव्हा हे बघाच.

मग करायचं काय? सायकोपीजी२ च्या डॉक्युमेंटेशनमध्येच लिहिलंय की बायनरी डेव्हलपमेंट आणि टेस्टिंगसाठी ठीक, प्रॉडक्शनला सोर्समधून बिल्ड करा. ते ऐका. दोघांच्या लॅपटॉपवर बायनरी राहू दे, त्याने काही बिघडत नाही. सर्व्हरसाठी त्याच उबुंटू व्हर्जनचा एक कंटेनर घ्या, त्यात लिबपीक्यू-डेव्ह, पायथन३-डेव्ह आणि कंपायलर टाका, व्हील तिथे बनवा आणि फक्त ते व्हील सर्व्हरवर न्या. सर्व्हरवर लिबपीक्यू५ असलं की पुरे, जीसीसी नको. मग ओपनएसएसएल सिस्टिमचं वापरलं जातं आणि ॲप्ट अपग्रेडचा अपडेट त्यालाही लागू होतो, सर्व्हिस रीस्टार्ट करायला मात्र विसरू नका, चालू प्रोसेस जुनीच फाईल धरून बसलेली असते.

पिलोच्या बाबतीत मी उलट सांगेन. ते सोर्समधून सगळ्या फॉरमॅटसकट बिल्ड करणं किचकट आहे, एखादी लायब्ररी राहून जाते आणि मग एखादा फोटो उघडत नाही म्हणून लॅबमधून फोन येतो. तिथे तयार व्हीलच घ्या, फक्त पिलोचा अपडेट आला की टाकायचा हे एका माणसाचं ठरलेलं काम असू दे. पिप-ऑडिट नावाचं टूल आहे, ते आठवड्याला चालवा, ज्या व्हर्जन्समध्ये चूक जाहीर झालीये त्या ते दाखवतं. पण ते पॅकेजच्या व्हर्जनवरून बघतं, आत बांधलेल्या लायब्ररींच्या डॉट एसओ फाईल्स उघडून बघत नाही, तेव्हा त्याने काही दाखवलं नाही म्हणजे सगळं ठीक असं नाही.

जाता जाता, लहान आणि सुरक्षित म्हणून कोणी अल्पाइनची डॉकर इमेज सुचवेल. अल्पाइन ह्या लिनक्समध्ये ग्लिबसी ही नेहमीची सी लायब्ररी नसून मसल ही वेगळी आहे, त्यामुळे लिनक्ससाठीची नेहमीची मेनीलिनक्स व्हील्स तिथे चालत नाहीत. मसलसाठी वेगळी व्हील्स २०२१ च्या पेप ६५६ नंतर यायला लागली, तरी अजून सगळ्या पॅकेजची नाहीत. नसली की पिप सोर्सकडे वळतं, मग कंपायलर टाका, सेटअप डॉट पाय चालवा. म्हणजे कमी सामान हवं म्हणून जिथे गेलात तिथे उलट जास्तच सामान लागलं. पायथनसाठी डेबियनची स्लिम इमेज मला बरी वाटते.

प्रश्न : मी फ्रीलान्सर आहे, क्लायंटच्या साइट्स रिअॅक्ट आणि नोडमध्ये करते. चॉकवाल्या प्रकारानंतर मी अपडेट करणंच बंद केलंय. नवऱ्याचं म्हणणं आहे अपडेट न करणं जास्त धोक्याचं. आमच्या घरात ह्यावरून रोज वाद होतो, तुम्हीच सांगा.
— वाचक, बोरिवली

उत्तर : वाद मिटेल असं वाटतं, कारण तुम्ही दोघं वेगवेगळ्या धोक्याबद्दल बोलताय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ८ सप्टेंबर २०२५ ला एनपीएम ह्या जावास्क्रिप्टच्या भांडारावरच्या चॉक, डीबग अशा १८ पॅकेजेसच्या नव्या व्हर्जन्स आल्या ज्यात ब्राउझरमध्ये क्रिप्टो वॉलेटचा पत्ता गुपचूप बदलणारा कोड होता. ती पॅकेजेस सांभाळणाऱ्या माणसाला टू-फॅक्टर अपडेट करा अशी खोटी मेल आली होती, एनपीएमसारख्याच दिसणाऱ्या डोमेनवरून. दोनेक तासांत ते काढलं गेलं. त्यानंतर काही दिवसांतच शाय-हुलूद नावाचा वर्म, म्हणजे स्वतःहून पसरणारा कोड, आला, तो पोस्ट-इन्स्टॉल स्क्रिप्टमधून चालायचा, मशीनवरच्या की आणि टोकन शोधून गिटहबवर उघडे टाकायचा, आणि एनपीएमचं टोकन सापडलं तर त्या माणसाच्या बाकीच्या पॅकेजेसमध्येही स्वतःला घुसवायचा.

दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे, विषारी व्हर्जन फार काळ टिकली नाही. ज्यांनी त्या थोड्या वेळात ताजी व्हर्जन उचलली तेच सापडले. म्हणजे ताजं लगेच उचलायचं नाही ही तुमची भीती रास्त आहे. पण म्हणून कधीच नाही असं नको. डिसेंबर २०२५ मध्ये रिअॅक्टच्या सर्व्हर कंपोनंट्समध्ये लॉगिनशिवाय सर्व्हरवर कोड चालवता येईल अशी चूक जाहीर झाली, नेक्स्ट जेएसच्या साइट्सही त्यात आल्या, आणि जाहीर झाल्या झाल्या हल्ले सुरू झाले. तिथे थांबून चालणार नव्हतं, नवऱ्याचं म्हणणं तिथे खरं.

तेव्हा नेहमीच्या अपडेटला आठवडाभर मुरू द्या, आणि सिक्युरिटीचा अपडेट असेल तर काय बदललंय ते वाचून त्याच दिवशी घ्या. एनपीएमऐवजी पीएनपीएम हे टूल वापरत असाल तर १०.१६ पासून त्यात ठरावीक वेळ झाल्याशिवाय नवीन व्हर्जन घ्यायचीच नाही अशी सेटिंग आहे, आणि एखाद्या पॅकेजला त्यातून सूटही देता येते.

सर्व्हरवर आणि सीआयमध्ये (आपोआप बिल्ड करणारी यंत्रणा) एनपीएम इन्स्टॉल लिहू नका, एनपीएम सीआय लिहा. पॅकेज डॉट जेसन आणि लॉक फाईल जुळत नसली तर एनपीएम इन्स्टॉल लॉक फाईलच बदलून मोकळं होतं, एनपीएम सीआय एरर देऊन थांबतं, आणि आपल्याला थांबलेलंच हवंय. लॉक फाईल गिटमध्ये टाका, ती मशीनने बनवलेली म्हणून इग्नोअर करणारे लोक अजून भेटतात.

आणि स्क्रिप्ट्स बंद करा, इग्नोअर-स्क्रिप्ट्सचा फ्लॅग देऊन. पीएनपीएमच्या १० व्या व्हर्जनपासून डिपेंडन्सीच्या स्क्रिप्ट्स मुळातच बंद आहेत, कुठली चालवायची ते तुम्ही सांगायचं. ह्याने चॉकसारखा प्रकार थांबणार नाही कारण तो कोड इन्स्टॉल करताना नव्हे, साइट चालताना चालायचा, पण शाय-हुलूद थांबला असता. किंमत अशी की काही पॅकेजेस अडतात. पपेटिअर स्क्रिप्टमधूनच क्रोम डाउनलोड करतं, बेटर-एसक्यूलाइट३ तिथेच तुमच्या मशीनपुरतं बायनरी आणतं किंवा बिल्ड करतं. अशा ओळखीच्या एक दोन पॅकेजेससाठी त्यांचं नाव देऊन एनपीएम रीबिल्ड चालवा, बाकी सगळ्यांना दार बंद. जिथे पर्याय आहे तिथे शुद्ध जावास्क्रिप्टचं पॅकेज घ्या असंही मी सुचवेन, बीक्रिप्टऐवजी बीक्रिप्टजेएस थोडं हळू आहे पण त्याला कंपायलर लागत नाही, स्क्रिप्ट लागत नाही, विंडोज, मॅक, लिनक्स कुठेही तसंच चालतं. लहान क्लायंटच्या लॉगिनला तो वेग पुरतो.

प्रश्न : आमच्या कंपनीची काही पायथन पॅकेजेस कंपनीच्या सर्व्हरवर आहेत. एक्स्ट्रा-इंडेक्स-यूआरएल देऊन दोन्हीकडून घेतो. सिक्युरिटी ऑडिटवाल्याने त्यावर लाल खूण केलीये. चूक काय त्यात?
— वाचक, लोअर परळ

उत्तर : चूक अशी की पिपला दोन ठिकाणं दिलीत तर ते कुणाला आधी मान देत नाही, दोन्हीकडे बघून वरची व्हर्जन उचलतं. तुमच्या आतल्या पॅकेजच्या नावाने कोणी पायपीआयवर ९९ नंबरची व्हर्जन टाकली की तीच येणार. फेब्रुवारी २०२१ मध्ये ॲलेक्स बिरसान ह्या रिसर्चरने हेच करून मोठमोठ्या कंपन्यांत आपला कोड चालवून दाखवला, आणि डिसेंबर २०२२ च्या शेवटच्या आठवड्यात पायटॉर्चच्या नाइटली, म्हणजे रोज बनणाऱ्या, बिल्डला टॉर्चट्रायटन नावाने हाच फटका बसला. एकच इंडेक्स, म्हणजे पॅकेजेस आणायचं ठिकाण, ठेवा, तो कंपनीचा, आणि पायपीआयवरचं त्याच्या मार्फतच येऊ दे, तुमच्या नावांना बाहेर न बघण्याचा नियम लावून. त्याने कॉपीही तुमच्याकडे राहते. मार्च २०१६ मध्ये एनपीएमवरून लेफ्ट-पॅड हे ११ ओळींचं पॅकेज काढून घेतलं गेलं तर जगभरचे बिल्ड अडले होते, ते दुखणंही ह्याने टळतं.

प्रश्न : तळोजा एमआयडीसीत एका कारखान्याचं काम आहे. तिथल्या पीसीला इंटरनेट नाही, देणारही नाहीत. माझ्या लॅपटॉपवर व्हेन्व्ह बनवून पेन ड्राइव्हवरून कॉपी केलं तर चालत नाही. आणि एक पीसी अजून विंडोज ७ वर आहे. काय करू?
— वाचक, पनवेल

उत्तर : व्हेन्व्ह उचलून नेता येत नाही, त्याच्या आतल्या स्क्रिप्ट्समध्ये तुमच्या लॅपटॉपवरचे पूर्ण पाथ लिहिलेले असतात. त्याऐवजी व्हील्स न्या. पिप डाउनलोडला प्लॅटफॉर्म विन-एएमडी६४ द्या, तिथल्या पायथनची व्हर्जन द्या आणि ओन्ली-बायनरी ऑल द्या, म्हणजे तुमचा लॅपटॉप मॅक असला तरी त्या पीसीची व्हील्स एका फोल्डरमध्ये गोळा होतात. तिथे गेल्यावर नवीन व्हेन्व्ह बनवा आणि नो-इंडेक्स, फाइंड-लिंक्स देऊन त्या फोल्डरमधून टाका. हॅश असलेली रिक्वायरमेंट्स फाईल सोबत असू दे, आणि पेन ड्राइव्ह फक्त ह्याच कामाचा ठेवा. ह्यात एक आपोआप फायदा आहे, सोर्स पॅकेज आत येतच नाही त्यामुळे इन्स्टॉल करताना कोणाचा कोड चालत नाही.

विंडोज ७ वर चालणारं शेवटचं पायथन ३.८, त्याचे अपडेट ऑक्टोबर २०२४ मध्ये संपले, आणि पुष्कळ पॅकेजेसच्या नव्या व्हर्जन्स आता त्याच्यासाठी येत नाहीत. तो पीसी कशाला आहे ते आधी विचारा. नुसता मशीनवरचे आकडे वाचून फाईलमध्ये लिहीत असेल तर कुठलंही पॅकेज न घेता पायथनच्या स्टँडर्ड लायब्ररीवरच ते काम करा, सीएसव्ही आणि एसक्यूलाइट त्यात असतंच, आणि तो पीसी बाकी नेटवर्कपासून तोडून ठेवा. बाहेरून आलेल्या फाईल्स किंवा फोटो त्याच्यावर उघडणार असाल तर मात्र मालकांना स्पष्ट सांगा की आधी पीसी बदला, मग सॉफ्टवेअर.